घट्ट कशानं झालं

आमच्या सरांना लग्नाचं आवतण द्यायला माणसं कचरायची. माणूस वाईट नव्हता. पण पंगतीत वाढपी कढी घेऊन आला की सर त्याचा हात धरायचे. "थांब. वरून सोड. अजून वरून." तो बिचारा पळी उंच धरायचा, आणि सर मान वाकडी करून कढीची धार बघत राहायचे. पुढच्या पानांवरची माणसं खोळंबायची. मग सर म्हणायचे, "बेसन शिजायचं राह्यलंय. धार बघा कशी तुटून राह्यली," आणि तीच कढी दोनदा मागून घ्यायचे. लग्नघरची माणसं मात्र पुढं बरेच दिवस त्यांच्याशी तुटक बोलायची.

जालन्यात बियाण्याच्या कंपन्या पुष्कळ आहेत. आमची त्यातली लहान. मोठ्या कंपन्यांचं बी आमच्याकडं यायचं, आम्ही ते साफ करून त्याला लेप चढवून द्यायचो. पाकीट फोडल्यावर कपाशीचं बी लाल नाहीतर निळं दिसतं, तोच हा लेप. त्यात रंग असतो, किडीचं औषध असतं, आणि हे दोन्ही बियाला धरून ठेवणारा एक पॉलिमर असतो. पॉलिमर म्हणजे लांबच्या लांब साखळीसारखा रेणू. तो पाण्यात विरघळवायचा, ते पाणी फिरत्या ड्रममधल्या बियांवर फवारायचं, वाळलं की पातळ कातडी बसते. सगळा खेळ त्या पाण्याच्या वाहण्याचा. फार पातळ झालं तर औषध ओघळून जातं, फार घट्ट झालं तर बी बियाला चिकटतं. हे सांभाळायला लॅब होती आणि लॅबमध्ये सर होते.

मी तिथं लागले ती बीएस्सीचा निकाल हातात घेऊनच. तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावात, विहाराच्या गल्लीत, पदवी घेतलेली मी पहिली मुलगी. आमच्या घरात तर मुलगा-मुलगी सगळे धरून पहिली. आई-दादांनी दुसऱ्याच्या रानात राबून शिकवलं. हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही, आणि त्या दिवशीही केला नव्हता.

"काय शिकलीस?" सरांनी विचारलं.

"बीएस्सी केमिस्ट्री, सर. फर्स्ट क्लास."

"मंग बस. अन् बघ."

त्यांनी माझ्या हातात एक पितळी कप दिला. त्याच्या बुडाला बारीक भोक. भोकावर बोट धरून कपात द्रव भरायचा, बोट काढायचं, आणि धार तुटेपर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचं, अशी त्याची रीत. पुस्तकात मी ती वाचली होती. मी घड्याळ मागितलं. घड्याळ सरांनी ड्रॉवरमध्ये घालून कुलूप लावलं होतं.

"मोजायचं न्हाई. आधी बघायचं."

पहिला आठवडा मी नुसती धार बघत बसले. शेवटी माझा संताप झाला. "सर, धार तर मी गावाकडं म्हशीची पण बघत होते. त्याच्यासाठी बीएस्सी कशाला करायची?"

मला वाटलं, आता नोकरी जाते. सर खुर्ची ओढून समोर बसले. "म्हशीची बघितलीस? बरं. मंग सांग, पहिल्या धारंत अन् शेवटच्या धारंत काय फरक?"

मला सांगता आलं नाही.

"म्हंजे बघितली न्हाईस. म्हशीखाली बसली होतीस."

तेव्हापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "ओ बीएस्सी" हीच माझी हाक. टोमणा होता की मान होता, ते कधी कळलं नाही. मी तो मान समजून घेतला, कारण डिग्री माझी होती.

लॅबमध्ये एक शब्द चालत नसे. "घट्ट झालं" असं कोणी म्हणालं की सर हातातलं काम टाकायचे. "कशानं घट्ट? जास्त झालंय म्हणून, का एकमेकाला धरलंय म्हणून?" नवख्या माणसाला हा प्रश्न म्हणजे येडेपणा वाटायचा. घट्ट ते घट्ट. मलाही तसंच वाटलं होतं. मग एकदा त्यांनी मला घनसावंगीच्या जीपचं उदाहरण दिलं.

"स्टँडवर जीप भरून राह्यलीय. आत माणसाला हलता येईना. हे झालं गर्दीचं घट्ट. दोघं उतरवले की बाकीचे सुटे होतात. म्हंजे तिथं पाणी वाढवलं की भागतं. आता त्याच जीपमधी एका घरचे चौघं एकमेकाचा हात धरून बसलेत. एकाला उतरवाया गेलं की चौघं खाली येतेत. हे धरण्याचं घट्ट. इथं कितीबी पाणी वता, फायदा न्हाई. हात कुणी धरला अन् का धरला, ते आधी बघावं लागतं."

मी तीन वर्षं पॉलिमर शिकले होते. साखळ्या एकमेकींना कशा ओढतात, पाण्याशी कशा बोलतात, मीठ टाकलं की कशा आकसतात, हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. पण त्या जीपमध्ये मी स्वतः कितीदा चेंगरून बसले होते, आणि या दोन गोष्टी एक आहेत हे मला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून मी सरांवर चिडायचं कमी केलं. बंद नाही केलं.

कारण माणूस चिडवणाराच होता. सकाळी आला की आधी नळाला तोंड लावायचा. आमच्याकडं पाणी टँकरचं. एक घोट घेऊन सर ओरडायचे, "आज टँकर बदलला. क्षार जास्त हायेत." मग पाण्याची तपासणी झाल्याशिवाय कोणाला पॉलिमर भिजवू द्यायचे नाहीत. सगळं काम अडून बसायचं. ड्रम चालवणारे मामा तंबाखू मळत म्हणायचे, "ताई, सरांला सांगा, पाणी पिऊन घ्या, चाखू नका." बरेचदा सरांचं बरोबर निघायचं, पण नेहमी नाही. चुकलं की ते कबूल करायचे नाहीत. नळाचाच दोष काढायचे.

सर परतूरकडच्या आष्टीचे. घरची जमीन होती, भाऊ कसत होते. तरुणपणी पुण्याला पीएच.डी. करायला गेले होते, ती अर्धी टाकून परत आले. का, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. मामा म्हणायचे, गाईडशी भांडण झालं. हिशेबनीस म्हणायचा, पुण्याचं पाणी पटलं नाही. मी एकदा सरळ विचारलं. सर म्हणाले, "त्यांना उत्तर जल्दी पायजे होतं." आणि पुन्हा कपाकडं वळले.

एकदा ते आमच्या घरी जेवायला आले. मी पहिल्या पगारानंतर बोलावलं होतं. त्यांच्यासारख्या जमिनीवाल्या घरची माणसं आमच्या गल्लीत मत मागायला येतात, जेवायला येत नाहीत. आईनं भाकरी, भेंडीची भाजी आणि ठेचा केला होता. सरांनी भेंडीची एक फोड बोटात धरून वर उचलली. तार सुटली. तार तुटेपर्यंत ते बघत राहिले. आई दारात उभी होती, तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, किळस आली.

"माय, ही तार लिंबू पिळल्यावर जाते का?"

"जाती की. पर लिंबू न्हाई आज घरात."

"बरं झालं न्हाई. किती लांब आली बघा."

आणि त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. ते गेल्यावर आई म्हणाली, "सर चांगले हायेत तुझे. पर त्यांच्या बायकोनं कसे दिस काढले आसतील?" सरांचं लग्न झालेलं नव्हतं. मी सांगितल्यावर आई म्हणाली, "तरीच."

आता सर आष्टीलाच असतात, आणि लॅब मी बघते. पण त्याच्या आधी एकदा ते नोकरीवरून गेल्यातच जमा होते. ती गोष्ट टाकणखाराची.

पेरणी जवळ आली होती. एका गिऱ्हाईक कंपनीला लेपात बोरॉन पाहिजे होतं, कपाशीला ते लागतं म्हणून. आमचे मॅनेजर साहेब विकण्यात हुशार आणि कामाला झटपट. सोनार वापरतात त्या टाकणखारात बोरॉन असतं हे त्यांनी कुठून तरी शोधलं. स्वस्त माल. पोतं मागवून ते लॅबमध्ये आले. "सर, हे आपल्या लेपाच्या पाण्यात टाकायचं का?"

याला "न्हाई" असं उत्तर होतं. आमचा पॉलिमर आणि टाकणखार यांचं पाण्यात जमत नाही, म्हणजे फार जास्त जमतं. पण सरांनी सुरुवात केली साखळीपासून. साखळीवर बाजूला काय लटकतं, ते पाण्याला कसं धरतं, टाकणखार पाण्यात गेला की त्याचं काय होतं. साहेबांना फोन आला, ते "हा, हा" करत बाहेर गेले. नकार त्या व्याख्यानात शेवटाला होता. तिथपर्यंत साहेब थांबलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरांची बस उशिरा आली. तोवर साहेबांनी मामाच्या हातून टाकीत टाकणखार टाकून घेतला होता. मी धावत गेले तर मामा काठी वर उचलून उभे होते आणि काठीबरोबर अख्खी टाकी वर येऊ बघत होती.

"ताई, खरवसावानी झालंय हे."

"पाणी टाका," साहेब म्हणाले. पाणी टाकलं. ते वर नुसतं साचून राहिलं.

तेवढ्यात सर आले, हातात डबा. त्यांनी टाकीत बघितलं आणि मला वाटलं आता भडकतील. कसलं काय! लहान पोराला जत्रेत सोडावं तसा चेहरा झाला. "या रे, सगळे या," म्हणून त्यांनी कामगार गोळा केले. त्या खरवसाचा एक गोळा घेतला आणि हळूहळू ओढला. तो हातभर लांब झाला, दोरीसारखा. मग तसाच दुसरा घेऊन झटका दिला. टचकन दोन तुकडे.

"बघा! टाकणखार एका हातानं ह्या साखळीला धरतो, दुसऱ्या हातानं त्या साखळीला. पण धरणं पक्कं न्हाई. सोडतो, पुन्हा धरतो. हळू ओढलं तर सोडाया-धराया येळ मिळतो, म्हणून वाहतो. झटका दिला तर येळच न्हाई, म्हणून तुटतो."

"सर, खेळ पुरे," साहेब म्हणाले. "उद्या माल न्यायला गाडी येऊन राह्यली."

"खेळ? थांबा."

सर लॅबमधून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडची बाटली घेऊन आले, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं ते. बादलीत थोडा गोळा घेतला, वरून बाटली वाकडी केली, ढवळलं. बघता बघता त्याचं पाणी झालं. सरांनी बादली वर धरून धार सोडली, स्वच्छ, अखंड. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सरांचं आयुष्यात कोणी एवढं ऐकलं नसेल.

आणि तिथंच सगळं बिघडलं, कारण टाळ्या साहेबांनीही वाजवल्या. "झालं की! सगळी बाटली टाका टाकीत. मामा, मशीन चालू."

"चालू करायचं न्हाई," सर म्हणाले. "हे पंप मोकळा कराया ठीक हाय. बियावर न्हाई."

"का? वाहून राह्यलं ना?"

"वाहून राह्यलं म्हणजे सुधरलं न्हाई. आंबट हाय तवर ते हात सोडून बसलंय. म्हंजे असं बघा, पाण्यात टाकणखाराचं जे रूप असतं..."

"सर, एका शब्दात. चालू करू का नको?"

"एका शब्दात केमिस्ट्री होत न्हाई."

"मंग तुमच्याशिवाय होईल." साहेब सगळ्यांदेखत बोलले. "तुमचं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपून राह्यलंय, ध्यानात हाय ना? पुढचं द्यायचं का न्हाई, ते मला ठरवायचंय."

सरांनी बाटलीला बूच लावलं. डबा उचलला. कोणाकडं न बघता गेटबाहेर गेले. पलीकडं परतूरची बस उभी होती, तीत चढले.

साहेब माझ्याकडं वळले. "मॅडम, आजपासून लॅब तुमची. करा चालू."

खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटलं. लॅब माझी. घरी सांगायला केवढी गोष्ट! पण सरांचं अर्धं राहिलेलं वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. आंबट आहे तोवर. मग आंबटपणा जाईल कधी? लेप चढवल्यावर बी मोकळं राहावं म्हणून आम्ही वरून पांढरी भुकटी भुरभुरायचो, आणि ती भुकटी म्हणजे खडू. खडू अ‍ॅसिड खातो. हे शाळेतल्या पोराला पण माहीत असतं. आणि अ‍ॅसिड संपलं की टाकणखार पुन्हा हात धरणार.

"सगळं न्हाई साहेब," मी म्हणाले. "एक पोतं घालू. भुकटीसकट शेवटपर्यंत काढू. जमलं तर दुपारपर्यंत सगळा माल काढून देते. न जमलं तर एकच पोतं जाईल."

साहेब कुरकुरले, पण मानले.

ड्रम फिरला. लेप सुंदर चढला, बी डाळिंबाच्या दाण्यासारखं चमकायला लागलं. साहेब माझ्याकडं "बघितलं?" असं बघत होते. मग मामांनी भुकटी टाकली. आधी बारीक फसफस ऐकू आली. बियांवर फेस चढला. आणि मग ड्रमचा आवाज बदलला, सळसळ जाऊन धप-धप यायला लागली. मामांनी ड्रम थांबवून हात घातला, तर राजगिऱ्याच्या लाडवासारखे बियांचे गोळे बाहेर आले.

साहेब पोत्यांच्या थप्पीवर बसले. त्या थप्पीत गिऱ्हाइकाचा सगळा माल होता, अजून कोरा, धड. "सर हेच सांगत होते?"

"हो."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"सांगत होते साहेब. तुम्ही थांबला तेवढ्यात ते संपणारं नव्हतं."

साहेबांनी एक गोळा उचलून हातात फिरवला. मग म्हणाले, "आता?"

"टाकणखार न टाकता नवीन पाणी करू. बोरॉनचं गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगू. ते मी करते. पण सरांना आणायला तुम्ही चला."

"फोन लावतो."

"फोनवर न्हाई येणार ते. अन् साहेब, त्यांच्या खुर्चीत मी बसणार न्हाई असं न्हाई. बसेन. पण ते आपणहून उठल्यावर. तुम्ही उठवून दिल्यावर न्हाई."

हे बोलले खरं, पण पगार माझ्या एकटीचा नव्हता. साहेबांनी गाडीची किल्ली काढली.

आष्टीला पोचलो तेव्हा सर घराच्या ओट्यावर डबा उघडून जेवत बसले होते. आम्हाला बघून उठले नाहीत. भावजयीनं पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. साहेब उभेच.

"सर, चला."

"कॉन्ट्रॅक्ट संपून राह्यलंय म्हणे."

"ते बघू आपण."

सरांनी भाकरीचा तुकडा मोडला. "बघू" या शब्दावर तो माणूस उठणार नव्हता हे मला दिसत होतं. मी मध्येच एक पोतं, भुकटी, गोळे, सगळं सांगितलं. सरांचा घास हातात थांबला.

"फेस आला?"

"आला, सर."

"भुकटीच्या आधी ड्रम थांबवला होता?"

"न्हाई. फिरत्यावरच टाकली."

"बराबर केलंस." मग त्यांनी घास परत ताटात ठेवला. "मी तमाशा दाखवत बसलो. पयलं वाक्य 'न्हाई' असं पायजे होतं."

साहेबांनी घसा खाकरला. "कॉन्ट्रॅक्ट नवीन करतो, सर. अन् मी सगळ्यांदेखत बोलल्तो. सगळ्यांदेखतच सांगतो की चुकलं."

सरांनी ठेवलेला घास उचलून तोंडात घातला. हो नाही, ना नाही. ओट्यावर माशा घोंगावत होत्या. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता इथंच राहणार. साहेब माझ्याकडं बघून गाडीकडं वळले.

"ड्रम धुतला का?" सरांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तसाच ठेवला? उन्हाळ्याचा? अरे, वाळला तर छिन्नीनं काढावा लागंल तो!" सर हात धुवायला पळाले. आतून ओरडून भावजयीला ताट झाकायला सांगितलं, एका पायात चप्पल घालत गाडीत येऊन बसले, पुढच्या सीटवर. "चला, जल्दी! मामाला फोन लावा, ओली पोती टाक म्हणा आत!"

परतूर आलं. तिथं साहेबांनी गाडी हळू केली. "सर, जेवण अर्धं राह्यलं तुमचं. भजे घेऊ का?"

"आधी ड्रम."

साहेबांनी तरी गाडी थांबवली. स्वतः उतरले, गर्दीत उभे राहून गरम भज्यांचा पुडा घेऊन आले आणि सरांच्या मांडीवर ठेवला. सर खिडकीबाहेर बघत एकेक करत सगळे भजे खाऊन गेले. आम्हाला एकदाही विचारलं नाही. साहेब गाडी चालवत होते, आणि मला आरशात दिसलं, ते हसत होते.